एकाहत्तरावं बटण

दूध नासवताना देल्मीराचा हात पहिल्यांदा अडखळला.
बाप डेअरीत होता, चाळीस वर्षं.
त्या घरात नासलेलं दूध म्हणजे
कुणीतरी झोपलं होतं,
कुणालातरी बोलणी बसणार होती.

आता ती मुद्दाम तापवते, अर्धा लिटर,
उकळी येऊ देत नाही,
करंगळी बुडवून बघते
आणि व्हिनेगर ओतते, दोन चमचे,
तिसरा जरा भीत भीत.
दूध फाटतं.
वाटणी झालेल्या घरासारखं
पाणी एका कडेला, चोथा एका कडेला.

फडक्यात पिळायचं. परत पिळायचं.
ओल राहिली की तडा जातो
हे पहिल्या बटणानं शिकवलं.
दुसरं घाईनं चुलीजवळ ठेवलं, तर वाकडं झालं.
तिसरं मांजरानं खाल्लं
आणि खिडकीत बसून मिशा चाटत राहिलं.
चीजच तर होतं,
त्याचं काय चुकलं?

बटण हवंय ब्राउलियोच्या बँडोनियनला.
सत्तर आहेत, एक नाही.
सान होसेच्या कुठल्याशा लग्नात
नाचणाऱ्यांच्या पायांत गेलं,
तेव्हापासून डाव्या हाताच्या एका बोटाला
नुसता लाकडी खुंट टोचतो.
त्यानं च्युइंगगम लावून पाहिलं,
सुका वाटाणा चिकटवून पाहिला,
मग तो सूर लागणारी गाणीच सोडून दिली.
"किती सुटली?" तिनं विचारलं.
"बरीच," तो म्हणाला.
थोड्या वेळानं म्हणाला, "चांगली होती."

माँतेव्हिदेओत नवं मिळतं, पांढरंफेक.
बसवलं तर
म्हाताऱ्याच्या तोंडात एकच कवळीचा दात.
आणि जुनी बटणंसुद्धा दुधाचीच, असं त्याचा बाप सांगायचा,
समुद्रापलीकडच्या कुठल्या गायींच्या,
ज्यांची हाडंही आता उरली नसतील.
ब्राउलियो हे सांगताना
पेटी मांडीवर घेऊन बसला होता
आणि तिचा भाता आपोआप
थोडासा उघडला होता.

चौथ्या वेळी देल्मीरानं
चोथ्यात मातेचं गार पाणी घातलं, चहाच्या चमच्यानं,
जुन्या पिवळेपणाशी जुळेपर्यंत.
तिंबला, तिंबला,
टूथपेस्टच्या झाकणाला आतून तेलाचं बोट फिरवलं
आणि अंगठ्यानं दाबून भरला.
मग फडताळाच्या वरच्या फळीवर, मांजराला न सांगता.

पाच दिवस पाम्पेरो वाहत होता.
दक्षिणेकडचा कोरडा, तिरसट वारा,
दारं आपटणारा, ओठ फोडणारा.
सगळी वसाहत त्याला शिव्या घालत होती.
देल्मीरा एकटीच म्हणत होती, वाहा बाबा, अजून वाहा.

सहाव्या दिवशी झाकण आपटलं
तर टक् करून पडलं,
दगडासारखं, दातासारखं.
घासलं बारीक कागदानं, खालून भोक पाडलं.
अंगठ्याची एक रेघ काही केल्या गेली नाही.
तिनंही मग फार जोर लावला नाही.

बसलं.
ब्राउलियोनं आधी नुसतंच दाबलं,
भाता न ओढता, चार-पाच वेळा.
मग वाजवलं काहीतरी,
पण मधेच चुकला,
सूर होता, बोट विसरलं होतं.

ही गोष्ट इथे संपली असती, पण दूध ते दूध.
उत्तरेचा वारा सुटला, भिंतींना घाम आला,
आणि बटण हवा पिऊन फुगलं, खाली गेलं ते वर येईना.
गाणं थांबलं तरी तो एक सूर
गल्लीभर लांबतच राहिला.
"दुसरं करून देते," देल्मीरा कुंपणावरून म्हणाली.
"हात लावू नकोस," ब्राउलियो म्हणाला.

आता संध्याकाळी तिकडून तो सूर अडकल्याचं ऐकू आलं
की ती गॅस बारीक करते,
दोरीवरचे कपडे आत घेते.